एक्स-बँड ड्युअल-पोल रडार: घाटातला पाऊस पर्जन्यमापकाच्या निम्माच येतो, केडीपी ऋण होतो. चूक कुठे शोधायची?

कोकणकडा

कोकणात किनाऱ्यापासून थोडं आत असलेल्या एका एक्स-बँड (सुमारे ३ सेमी तरंगलांबीच्या) ड्युअल-पोल (दोन ध्रुवणांच्या) रडारच्या जुलैमधल्या डेटावर काम करते आहे. पूर्वेकडच्या घाटमाथ्यावर तासाला किती पाऊस पडला, हे रडारवरून काढायचं आहे. वारंवारता ९.४ गिगाहर्ट्झ, बीम १ अंशाचा, गेट (किरणावरचा मोजणीचा एक तुकडा) १५० मीटरचं. आडवं आणि उभं ध्रुवण एकाच वेळी सोडलं जातं. डोंगर आड येतात म्हणून पूर्वेला सगळ्यात खालचा मोकळा कोन १.५ अंश मिळतो. तुलनेसाठी धरलेला टिपिंग बकेट (छोटी बादली भरून उलटली की एक टिप मोजणारा) पर्जन्यमापक रडारपासून ३८ किमीवर, समुद्रसपाटीपासून ६५० मीटर उंचीवर आहे. रडार जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे.

अडचणी अशा. २० ते २२ डीबीझेडच्या (झेड म्हणजे प्रतिध्वनीची ताकद, इथे डेसिबलमध्ये) हलक्या पावसात झेडडीआर (आडव्या आणि उभ्या प्रतिध्वनीच्या ताकदीतला फरक) ०.६ डेसिबलच्या आसपास दिसतो, तो ०.२ ला असायला हवा असं वाटतं. उलट मोठ्या सरीच्या मागच्या हलक्या पावसात तोच झेडडीआर उणे ०.४ होतो. केडीपीमध्ये (दोन ध्रुवणांमधला फेजफरक दर किमीला किती वाढतो, त्याचं माप) जागोजागी ऋण पट्टे येतात, काही ठिकाणी उणे २ अंश प्रति किमीपर्यंत. लांबच्या हलक्या पावसात रो-एचव्ही (दोन ध्रुवणांच्या प्रतिध्वनींमधला सहसंबंध) ०.९३ वर येतो, त्यामुळे ०.९५ ची चाळणी लावली की बराच पाऊस गळून जातो.

प्रोसेसरने क्षीणन-दुरुस्ती (वाटेतल्या पावसाने खाल्लेल्या सिग्नलची भरपाई) करून दिलेलं झेड घेऊन मार्शल-पामर सूत्र लावलं, म्हणजे झेड बरोबर २०० गुणिले आरचा (ताशी मिमीमधल्या पावसाचा) १.६ वा घात. तासाची बेरीज पर्जन्यमापकाच्या साधारण निम्मी येते. झेड आणि झेडडीआर दोन्ही घेणारं सूत्र लावलं तर आणखी कमी येते. पर्जन्यमापकापर्यंत फायडीपी (दोन ध्रुवणांमधला साठत जाणारा फेजफरक) सरासरी २५ अंशांनी चढतो. सूत्र बदलू, की आधी दुसरं काही तपासू?

वळीव

सूत्राला सगळ्यात शेवटी हात लावा. पर्जन्यमापकाशी आकडा जुळेपर्यंत तो २०० चा गुणक खाली ओढत राहायचा, ही सवय सर्रास दिसते आणि ती घातक आहे. कॅलिब्रेशनची चूक, क्षीणन, डोंगराची सावली या सगळ्यांची बेरीज त्या एका गुणकात लपते. पुढच्या पावसात ही बेरीज बदलली की तोच गुणक अंगावर येतो.

रो-एचव्हीपासून सुरुवात करा, कारण त्याचा उलगडा लगेच होतो. दोन्ही चॅनेलचा एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) सारखा धरला तर मोजलेला रो-एचव्ही म्हणजे खऱ्या रो-एचव्हीला (१ + १/एसएनआर) ने भागून आलेला आकडा. इथे एसएनआर डेसिबलमध्ये न घेता साध्या पटीत घ्यायचा. खरा रो-एचव्ही ०.९९ असेल तर २० डेसिबलला ०.९८ दिसतो, १५ ला ०.९६ आणि १० ला थेट ०.९०. तुमचं ०.९३ म्हणजे एसएनआर १२ डेसिबलच्या आसपास आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो पाऊसच आहे, फक्त सिग्नल दुबळा आहे. आधी नॉइजची दुरुस्ती करा, मग ०.९५ ची चाळणी लावा. नॉइजची पातळी कारखान्यातल्या जुन्या आकड्यावरून घेऊ नका. प्रत्येक किरणाच्या शेवटच्या रिकाम्या गेटांवरून मोजा, कारण पावसाळी ढग आणि जमीन स्वतःच उष्णता उत्सर्जित करतात आणि खालच्या कोनांना नॉइज वाढतो. आडव्या आणि उभ्या चॅनेलचा नॉइज वेगवेगळा धरा. नाहीतर दुबळ्या सिग्नलमध्ये झेडडीआरही सरकतो.

आता झेडडीआर. हलक्या पावसात ०.२ अपेक्षित असताना ०.६ म्हणजे सुमारे ०.४ डेसिबलची चूक. वाचायला ती क्षुल्लक वाटते, पण एक्स-बँडसाठी वापरल्या जाणाऱ्या झेड-झेडडीआर सूत्रात झेडडीआरचा घात सुमारे उणे ६ असतो. ०.४ डेसिबल जास्तीचा झेडडीआर पाऊस ४२ टक्क्यांनी खाली आणतो. ०.१ ची चूकसुद्धा १३ टक्के खाते. तुमचं दुसरं सूत्र आणखी कमी का देतं, त्याचं उत्तर इथेच आहे.

खात्रीचा उपाय उभ्या स्कॅनचा. अँटेना ९० अंशांवर, थेट आकाशाकडे, आणि गोल फिरती. खालून पाहिलेला थेंब गोल दिसतो, म्हणून पूर्ण फेरीची झेडडीआर सरासरी शून्य यायला हवी. जी येईल तीच तुमची चूक. पण पथ्यं पाळायला हवीत:

पूर्ण ३६० अंशांचीच सरासरी घ्या. वाऱ्याने थेंब कलतात आणि अँटेनाची उभी रेषाही किंचित कललेली असते, त्यामुळे झेडडीआर दिशेनुसार वर-खाली होतो. अर्धी फेरी घेतली तर तो कल चुकीत मिसळतो. सुरुवातीचं १ किमी सोडून द्या. २.४ मीटरच्या डिशसाठी दूरक्षेत्र ३६० मीटरवरच सुरू होतं, पण रिसीव्हर लिमिटर (प्रक्षेपणाच्या झटक्यापासून रिसीव्हरला वाचवणारा भाग) सावरायला त्याहून जास्त वेळ घेतो. वरची मर्यादा वितळण्याच्या थराच्या अर्धा किमी खाली ठेवा. पावसाळ्यात तो थर आपल्याकडे ५ किमीच्या आसपास असतो, म्हणून जागा भरपूर मिळते. एसएनआर २० डेसिबलच्या वर, रो-एचव्ही ०.९८ च्या वर, झेड १० ते ३० डीबीझेड. २० फेऱ्या घेतल्या की यादृच्छिक चूक शंभरांशात येते.

तुमच्या यंत्राला ९० अंश जमत नसेल तर २० ते २२ डीबीझेडच्या हलक्या पावसाची पद्धत आहे, पण ती जपून वापरा. ०.२ हा अपेक्षित आकडा इतर हवामानांतल्या थेंबांवर बसवलेला आहे. घाटातल्या मोसमी पावसात बारीक थेंबांची गर्दी असते, तिथे त्याच झेडला खरा झेडडीआर याहून कमी असू शकतो. तो आकडा जवळच्या डिस्ड्रोमीटरवरून (थेंबांचे आकार मोजणाऱ्या यंत्रावरून) काढा. निवडलेली गेटं १५ किमीच्या आतली आणि तिथवर फायडीपी २ अंशांहून कमी चढलेला, अशीच घ्या.

ओला रेडोम (अँटेनावरचं आवरण) विसरू नका. एक्स-बँडला रेडोमवरचा पाण्याचा थर काही डेसिबल गिळतो, आणि पाणी ओघळांनी वाहत असेल तर आडवं-उभं ध्रुवण सारखं गिळलं जात नाही. रडारवर पाऊस चालू असतानाची चूक आणि पाऊस थांबल्यावरची चूक वेगवेगळी नोंदवा. पूर्ण जुलैला एकच आकडा लावू नका.

मृगधारा

केडीपीबद्दल. फायडीपीच्या चढाच्या निम्मं म्हणजे केडीपी, आणि चढ काढताना गोंगाट वाढतो. किती, ते एका ओळीत काढता येतं: फायडीपीच्या प्रमाण विचलनाला १.७३ ने गुणा, मग गेटांच्या संख्येचं वर्गमूळ आणि किमीमधली लांबी यांच्या गुणाकाराने भागा. विचलन २ अंश आणि तुमची १५० मीटरची गेटं धरली तर असं येतं:

१ किमी लांबी, ७ गेटं: चूक १.३ अंश प्रति किमी
३ किमी, २० गेटं: ०.२६
६ किमी, ४० गेटं: ०.०९

एक्स-बँडचं एक प्रचलित सूत्र घ्या, आर = १८.१५ गुणिले केडीपीचा ०.७९१ वा घात. त्यात १.३ अंश म्हणजे तासाला २२ मिमी आणि ०.२६ म्हणजे ६ मिमी. १ किमीवर केडीपी काढून हलका पाऊस मोजायला गेलात तर तुम्ही गोंगाटच मोजता आहात. म्हणून ही लांबी बदलती ठेवा: झेड ४० च्या वर असेल तिथे २ किमी, ३० ते ४० मध्ये ३ ते ४ किमी, त्याखाली ६ किमी, आणि ३० च्या खाली केडीपीवरून पाऊस काढूच नका.

ऋण पट्ट्यांच्या मागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. झेड, झेडडीआर आणि रो-एचव्ही शेजारी ठेवून एकेक किरण उघडून पाहिला की ती ओळखू येतात.

फायडीपी एका जागी ३ ते ५ अंश उडी मारतो आणि १-२ किमीत परत मूळ पातळीवर येतो, त्याच जागी झेडडीआर २ डेसिबलच्या वर आहे. हा परावर्तनातला फेजफरक. एक्स-बँडला साधारण अडीच मिमीहून मोठ्या थेंबांवर तो सुरू होतो. चढताना खोटा धन केडीपी, उतरताना खोटा ऋण. हा टेकाडासारखा आकार रुंद गाळणीने पुन्हा पुन्हा गाळून सपाट करता येतो. टेकाडाच्या अलीकडची आणि पलीकडची पातळी जुळते, म्हणून एकूण चढाला धक्का लागत नाही.

दुसरी खूण पंख्यासारखी. जोरदार सरीच्या कडेला बीमचा अर्धा भाग मुसळधार पावसात आणि अर्धा कोरड्यात असतो. बीमच्या आतच फायडीपी बदलतो, रो-एचव्ही घसरतो आणि सरीच्या मागे शेवटपर्यंत किरणांच्या दिशेने ऋण-धन पट्टे पडतात. ३८ किमीवर तुमचा बीम ६६० मीटर रुंद आहे, म्हणून तिथे हे कमी असेल. ६० किमीच्या पुढे नक्की दिसेल. यावर दुरुस्ती नाही. तो पंखा झाकून टाकायचा.

तिसरा निव्वळ गोंगाट. एसएनआर कमी, खूण काहीच नाही, आकडा दर किरणाला वेगळा. तुमचे उणे २ चे पट्टे छोट्या लांबीवर काढले असतील तर बहुतेक हेच आहे.

यावर एक गोष्ट आग्रहाने सांगते. पाय-आर्टमधली (रडार-डेटासाठीच्या पायथन पॅकेजमधली) लिनिअर प्रोग्रॅमिंगची किंवा माएसाकाची पद्धत केडीपी ऋण होऊच देत नाही. चित्र सुंदर येतं. पण हलक्या पावसात गोंगाटाची ऋण बाजू कापली गेली की उरलेल्या धन बाजूची बेरीज दर स्कॅनला वाढत जाते आणि २४ तासांत कित्येक मिमी खोटा पाऊस जमा होतो. बेरीज करायची असेल तर ऋण केडीपी शून्य करू नका, तेवढाच ऋण पाऊस म्हणून धरा. वुल्पियानीची पद्धत ऋण मूल्यं राहू देते. केडीपी ऋण होऊ न देणाऱ्या पद्धती जोरदार सरींसाठी राखून ठेवा.

आणखी एक तपासणी. सुरुवातीची फायडीपी, म्हणजे पाऊस लागण्याआधीची यंत्राची स्वतःची पातळी, प्रत्येक किरणात पहिल्या सलग १० चांगल्या गेटांच्या मध्यकावरून काढा आणि दिशेनुसार आलेख करा. एकाच वेळच्या प्रक्षेपणात ३६० अंशांनंतर फेज गुंडाळली जाते. सुरुवातीची पातळी ३४० च्या आसपास असेल तर २५ अंशांच्या चढात ती शून्यावर उडी घेते आणि त्या जागी हजारभर अंशांचा ऋण केडीपी दिसतो. असं असेल तर आधी फेज उलगडा.

थेंबमोजणी

कोकणकडा, तुमच्या निम्म्या पावसाचं मूळ दोन आकड्यांत दिसतं आहे: २५ अंशांचा चढ आणि उणे ०.४ चा झेडडीआर.

द्रव पावसात झेडडीआर ऋण होत नाही, कारण थेंब आडवेच चपटे होतात. १ मिमीचा थेंब जवळजवळ गोल असतो. २ मिमीला उंची-रुंदीचं गुणोत्तर ०.९४, ३ मिमीला ०.८७, ५ मिमीला ०.७२. सरीच्या मागे झेडडीआर शून्याखाली गेला म्हणजे आडवी लाट उभ्या लाटेपेक्षा जास्त खाल्ली गेली. एक्स-बँडला दर अंश फायडीपीमागे हा फरक साधारण ०.०४ डेसिबल असतो. २५ अंशांना १ डेसिबल. तुमचा खरा ०.२, त्यात कॅलिब्रेशनची चूक ०.४, त्यातून १ वजा. बरोबर उणे ०.४. म्हणजे झेडडीआरची क्षीणन-दुरुस्ती झालेलीच नाही.

आता झेडकडे पाहा. आडव्या लाटेचं क्षीणन दर अंशाला एक्स-बँडला सुमारे ०.२८ डेसिबल, सी-बँडला (सुमारे ५ सेमी तरंगलांबी) ०.०८, एस-बँडला (सुमारे १० सेमी) ०.०२. २५ अंशांना एक्स-बँडची दुरुस्ती ७ डेसिबल हवी. प्रोसेसरच्या फाइलमध्ये कुठला गुणक बसवला आहे ते उघडून पाहा. सी-बँडचा राहून गेला असेल तर २ डेसिबलच मिळतील आणि ५ कमी पडतील. मार्शल-पामरमध्ये ५ डेसिबल म्हणजे पाऊस २.०५ पट कमी. तुमचं "निम्मं" हेच आहे असा माझा अंदाज.

गुणक बरोबर असला तरी ०.२८ हा दगडावरचा आकडा नाही. थेंबांच्या आकाराप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे तो सुमारे ०.२५ ते ०.३२ मध्ये फिरतो. २५ अंशांना हा फरक पाऊण-एक डेसिबलचा, चालून जाईल. पण ६० अंश चढ असलेल्या मुसळधार दिवशी ०.०३ च्या फरकाने १.८ डेसिबल हलतात आणि पाऊस ३० टक्के इकडे-तिकडे होतो. अशा दिवशी केडीपी वापरा. त्याला क्षीणन लागत नाही, झेडच्या कॅलिब्रेशनची चूक लागत नाही, डोंगराने बीमचा थोडा भाग अडवला तरी फरक पडत नाही. घाटात ड्युअल-पोल घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

कोकणकडा

थेंबमोजणी, फाइल उघडली. गुणक ०.०८ आहे आणि झेडडीआरचा गुणक शून्य. कच्चं झेड घेऊन ०.२८ आणि ०.०४ ने दुरुस्ती पुन्हा चालवते आहे. फेज ३५२ पासून सुरू होते, म्हणजे मृगधारा यांनी म्हटलेली गुंडाळीही आहेच. वळीव, यंत्र ९० अंशांना जातं, उभा स्कॅन मागवते.

यानंतर जी तफावत उरेल ती सूत्राची म्हणायची का? आणि स्थानिक सूत्र बसवायचं असेल तर डिस्ड्रोमीटरच्या डेटावरून कसं?

थेंबमोजणी

लगेच नाही. आधी भूमिती. ३८ किमीवर १.५ अंशाच्या बीमचा मध्य रडारपासून १०८० मीटर वर असतो: अंतराचा वर्ग भागिले १६९९० यातून ८५ मीटर, कोनातून ९९५. तुमचा पर्जन्यमापक ६५० मीटरवर, म्हणजे मध्य त्याच्या ४३० मीटर वर आणि बीमची खालची कड फक्त शंभर मीटर वर. आजूबाजूला त्याहून उंच माथा असेल तर बीम डोंगराला घासतो. कोरड्या दिवसाचा सरासरी झेड नकाशा काढा आणि त्या गेटांत कायमचा परतावा दिसतो का ते पाहा. दिसला तर ती गेटं तुलनेतून बाद करा. क्लटर फिल्टरवर (डोंगर-जमिनीचे प्रतिध्वनी काढणाऱ्या गाळणीवर) भिस्त ठेवू नका, तो शून्य वेगाचा खरा पाऊसही कापतो.

मग वारा. १ मिमीचा थेंब सेकंदाला ४ मीटरने पडतो, ४३० मीटर उतरायला त्याला पावणेदोन मिनिटं लागतात. पश्चिमेचा मोसमी वारा १५ मीटर प्रति सेकंद धरला तर थेंब तेवढ्यात १.६ किमी पूर्वेला सरकतो. उतारावर चढणारी हवा त्याला आणखी तरंगत ठेवते. पर्जन्यमापकाच्या डोक्यावरचं गेट घेऊ नका, दीड-दोन किमी पश्चिमेचं घ्या. आणि त्या ४३० मीटरमध्ये घाटाला टेकलेला ढग असतो. वरून येणारा थेंब त्यातलं पाणी गोळा करत मोठा होतो. हा पाऊस बीमला दिसतच नाही. तेवढी तूट कुठल्याही सूत्राने भरून निघणार नाही, ती उंचीनुसार वेगळी दुरुस्ती मागते.

यानंतर सूत्र. ४० डीबीझेडला मार्शल-पामर ताशी ११.५ मिमी देतं. तेच झेड बरोबर २५० गुणिले आरचा १.२ वा घात या उष्णकटिबंधीय सूत्रात २१.६ मिमी होतं. परतावा एकच, उत्तर जवळजवळ दुप्पट. झेड व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं, पाऊस साधारण साडेतिसऱ्या-पावणेचौथ्या घाताने. बारीक थेंबांच्या पावसात पाणी भरपूर असूनही झेड लहान राहतं.

डिस्ड्रोमीटरचं असं करा. महाबळेश्वरला आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या) उंचावरील ढगभौतिकी प्रयोगशाळेत अशी मोजणी होते, तिथलं थेंबांचं वितरण तुमच्या माथ्याला समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळचं. एका मिनिटाचे नमुने घ्या. ताशी ०.५ मिमीहून कमी पाऊस किंवा १०० हून कमी थेंब असलेली मिनिटं गाळा. पाय-टी-मॅट्रिक्समध्ये (थेंबांवरून रडारचे आकडे काढणाऱ्या पायथन पॅकेजमध्ये) तरंगलांबी ३२ मिमी, पाण्याचं तापमान २० अंश, थेंबांचं कलणं ७ ते १० अंश विचलनाचं आणि ब्रँडीस किंवा थुराई यांचा आकार-संबंध (व्यासावरून थेंबाचा चपटेपणा सांगणारं सूत्र) घाला. प्रत्येक मिनिटाचं झेड, झेडडीआर, केडीपी, क्षीणन निघेल. मग लॉगमध्ये रेषा बसवा. त्याच गणितातून तुमचा स्वतःचा ०.२८ चा गुणक आणि हलक्या पावसातला अपेक्षित झेडडीआरही मिळतो. वळीव यांनी मागितलेला आकडा तोच.

डिस्ड्रोमीटरचे दोष लक्षात घ्या. आघातावर चालणारं जॉस-वॉल्डव्होगल मुसळधार पावसात बारीक थेंब गमावतं, कारण एका थेंबाच्या ठोक्यातून सावरेपर्यंत पुढचे लहान ठोके नोंदले जात नाहीत. घाटात नेमके तेच थेंब जास्त. लेझरवर चालणारं पार्सिव्हल मोठे थेंब जास्त दाखवण्याकडे झुकतं आणि जोराच्या वाऱ्यात चुकीचा पतनवेग देतं. थेंबाचा वेग अपेक्षित वेगाच्या ५० टक्क्यांहून जास्त फरकाने चुकत असेल तर तो थेंब काढून टाका.

पागोळी

मध्येच एक प्रश्न. हे सगळं शिकण्यासाठी खुला डेटा कुठला चांगला? आणि एस-बँडवर हेच आकडे चालतील का?

मृगधारा

पागोळी, अमेरिकेच्या नेक्सरॅड जाळ्याचा लेव्हल-२ डेटा खुला आहे. ते एस-बँड रडार २०११ ते २०१३ मध्ये ड्युअल-पोल झाले, फाइल पाय-आर्टमध्ये थेट उघडते. आकडे मात्र तसेच चालणार नाहीत. त्याच पावसाला एस-बँडचा केडीपी एक्स-बँडच्या साधारण एक-तृतीयांश, म्हणून हलक्या पावसात तो आणखी दुबळा. तिथलं सूत्र आर = ४४ गुणिले केडीपीचा ०.८२२ वा घात. क्षीणन जवळजवळ विसरता येतं, झेडडीआरचं कॅलिब्रेशन मात्र नाही. सरावासाठी एस-बँडच बरा: वितळण्याचा थर, गारा, क्लटर यांच्या खुणा क्षीणनाच्या गोंधळाशिवाय शिकता येतात. थरात उतरताना झेडचा कमाल आकडा आधी लागतो. रो-एचव्हीचा खड्डा आणि झेडडीआरचा उंचवटा त्याच्या किंचित खाली असतात. १० ते २० अंशांच्या एका कोनाची पूर्ण फेरी सरासरी करून उंचीवर मांडली की हे स्वच्छ दिसतं.

कोकणकडा

दुरुस्ती चालवली. हलक्या-मध्यम पावसाचे तास आता पर्जन्यमापकाच्या बरेच जवळ आले, सरीच्या मागचा झेडडीआरही शून्याच्या वर. पण सगळ्यात मुसळधार तीन तास अजून खूप कमी येतात. किरण उघडला तर २८ किमीच्या पुढे डेटाच नाही, पाऊस शून्य लिहिला गेला आहे.

वळीव

ते शून्य पुसा. तिथे पाऊस नव्हता असं नाही, सिग्नल संपला. फायडीपी ८० अंश चढला की २२ डेसिबल गेले, आणि मागचा ३० डीबीझेडचा पाऊस नॉइजखाली जातो. जे मोजलंच नाही त्याला कुठलाही गुणक परत आणत नाही. अशा गेटांना "माहिती नाही" अशी वेगळी खूण लावा. ओळखायचं असं: किरणातल्या शेवटच्या चांगल्या गेटाजवळ फायडीपीचा चढ मोठा आहे आणि तिथे दुरुस्त झेड अजून २५ च्या वर आहे, तर पुढची रिकामी गेटं विझलेली समजा. झेड हळूहळू उतरत संपलं असेल आणि फायडीपी सपाट असेल, तर पाऊस खरंच संपला.

एका तासातले १० टक्क्यांहून जास्त स्कॅन विझलेले असतील तर तो तास तुलनेतून काढा. जवळपास सी किंवा एस-बँड रडार असेल तर त्या वेळेपुरता त्याचा पाऊस भरा.

बेरीज करताना दोन गोष्टी सांभाळा. व्हॉल्यूम स्कॅन (सगळ्या कोनांचा एक पूर्ण संच) १० मिनिटांनी येत असेल तर १५ मीटर प्रति सेकंदाने जाणारी सर दोन स्कॅनमध्ये ९ किमी पुढे सरकते. नुसती बेरीज केली तर नकाशावर मण्यांसारखे ठिपके पडतात आणि पर्जन्यमापक दोन मण्यांच्या मधे सापडतो. दोन चित्रांमधला सरकाव काढून मिनिटामिनिटाला मधली चित्रं भरा. आणि पर्जन्यमापकाला शेवटचा शब्द मानू नका. ०.२ मिमीची एक टिप एका मिनिटात पडली तर ती ताशी १२ मिमी दिसते, म्हणून १५ मिनिटांच्या खाली तुलना करूच नका. मुसळधार पावसात बादली उलटताना पाणी निसटतं आणि माथ्यावरच्या वाऱ्यात बारीक थेंब तोंडावरून उडून जातात. दोन्ही चुका पाऊस कमी दाखवतात. त्या तीन तासांत खरा पाऊस पर्जन्यमापकापेक्षाही जास्त असणार, तेव्हा रडारचा आकडा उद्या त्याच्या थोडा वर गेला तर लगेच खाली ओढू नका.